तारखेवर तारीख

उद्यमबागेतल्या प्रेसात त्या आठवड्यात
चार हजार स्टिकरं कापली मी.
वर कन्नड, खाली इंग्रजी,
मधे नवी तारीख.
शिवपुत्र शेठ म्हणाले, कुत्र्याचंच खाणं की ओ,
माणसं खाणार हायत काय?
आणि एक पुडा फुकट दिला.

भुऱ्याला दोन्ही भाषा कळतात.
‘बा’ म्हटलं तरी येतो, ‘ये’ म्हटलं तरी.
वाचता एकही येत नाही.

पुडा फोडला. भिजून वाळलेल्या गोणपाटाचा वास.
नखानं स्टिकर खरवडलं,
खाली मागच्या सालचा मार्च,
सात तारीख,
शेपूट तुटलेला सात,
आमच्याच मशीनवरचा.

भुऱ्यानं बिस्कीट हुंगलं. तोंड फिरवलं.
मग माझ्याकडं बघितलं,
आणि माझ्या हातातलं आहे म्हणून
घेतलं.

जबड्यात बोटं घालून काढलं मी.
तो चावला नाही.

सकाळी टेम्पो भरून गेला,
संकेश्वर, चिक्कोडी, पार निपाणीपर्यंत.
शेठनी विचारलं, कुत्र्याला आवडलं काय?
लाळेनं चिकटलेली बोटं
रात्री तीनदा धुतली होती.
मी पुढचा गठ्ठा
मशीनखाली सरकवला.