फल्ली

वहीत चौदावा नंबर तिचा.
गॅसच्या हिशेबाची जुनी वही, मागची कोरी पानं:
आली कधी, वजन, जखमा, लस,
आणि शेवटचा रकाना,
गेली कुठं.

मे महिना. कळमना मार्केटमागं
एका ट्रकच्या सावलीत दिसली.
सावली सरकायची तशी तीही सरकायची,
आणि ट्रक निघून गेला तेव्हा
उघड्या डांबरावर बसून राहिली,
सावली आत्ता चहा पिऊन येईल अशी.

आणली. पंजे भाजलेले.
चार दिवस पाणी पिताना
वाडग्याकडे नाही, माझ्याकडे पाहायची.
रंग भाजलेल्या फल्लीदाण्याचा, म्हणून फल्ली.
नाव ठेवायचं नाही, असं मी पाचव्यापासून ठरवलंय.
पण दवाखान्यातली पोरगी फॉर्म भरताना थांबते
पेन वर धरून.

शेहेचाळीसच्या दुपारी कूलर धडधडायचा,
स्टँडखाली पाणी टपकायचं,
तिथं तिनं घर केलं.
घर म्हणू नये.
मुक्काम केला.

रविवारी माणसं यायची.
त्रिमूर्ती नगरची एक बाई
सोफ्याच्या रंगाशी ताडून पाहून गेली.
एकाला फार्महाउसवर भुंकणारी हवी होती;
फल्ली तेव्हा त्याच्या बुटाचा वास घेत होती, मन लावून.
एका पोरानं खिशातली सगळी बिस्किटं सांडली तिच्यापुढं.
त्याला हवी होती. त्याच्या आजोबांना नको होती.
आणि फोनवर जवळपास सगळ्यांचा पहिला प्रश्न,
जात कोणती?
मी म्हणायची, नागपूरची.
तसं नाही हो मॅडम, म्हणजे ओरिजिनल काय?

मलाही विचारलं होतं,
मनीष नगरात खोली पाहताना.
घरमालकानं आडनाव दोनदा विचारलं,
मग म्हणाला, भाचा येऊन राहिला गावाहून,
त्यालाच द्यावं लागते.
तीन महिने त्या खिडकीला
'भाड्याने देणे आहे' लटकत होतं.
हे मी फल्लीला सांगितलं एका रात्री.
तिनं कान हलवला.
माशी होती बहुतेक.

ऑक्टोबर संपला, कूलर माळ्यावर चढवला.
फरशीवर उरला एक पांढुरका चौकोन,
सहा महिन्यांच्या बोअरच्या पाण्याचा.
ती त्यावरच झोपायची,
शेपूटही बाहेर जाऊ न देता.

मग झाडे काका आले, कोराडीचे.
पॉवर हाउसातून रिटायर, एका कानानं कमी ऐकणारे.
जात विचारली नाही.
भुंकते का, तेही नाही.
खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले,
"रात्री कुठं झोपते जी हे?"
मी चौकोन दाखवला.
त्यांनी वाकून पाहिला, चष्मा पुसून,
मीटरचं रीडिंग घ्यावं तसा.

ऑटोत बसली. मागं वळून पाहिलं नाही.
हे चांगलं लक्षण असतं, मीच सगळ्यांना सांगते.
नंतर जिन्यात बसले होते,
तर खालच्या मडावी वहिनी म्हणाल्या,
किल्ली विसरलीस का गं?
हो म्हटलं.

रात्री अकराला फोन.
या वेळचा फोन मला पाठ आहे:
रडते, खात नाही, परत आणू का.
पाचवा असाच आला होता, सहा दिवसांत,
दोरीसकट.

"हळू बोला," काका स्वतःच ओरडत होते,
"झोपून राहिली ते.
म्या कूलर उतरवला माळ्यावरून.
पाणी नाही टाकलं, थंडी हाये ना.
नुसता उभा केला."

वही काढली. शेवटचा रकाना.
तिथं पूर्ण पत्ता लिहायचा असतो,
पिनकोडसकट.
मी लिहिलं,
कूलरखाली, कोराडी.