परतीचा रकाना

जामसंड्याच्या उतारावर, आंब्याची आढी घालतात त्या खोलीत
माझे अकरा संगणक राहतात.
एप्रिल-मे खोली भावाची.
तेव्हा ते पलंगाखाली, माळ्यावर,
एक तर गेल्या वर्षी चक्क न्हाणीत,
आणि भाऊ विचारतो, ह्यांना पेटीमागे काय भाव?

खारा वारा विचारत नाही तू कुठल्या सालचा.
पत्रा दिसला की चावतो.
फ्लॉप्या मी भाजलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवतो
तरी श्रावणात त्यांच्यावर बुरशीची नक्षी उठते,
मग स्पिरिट, कापूस, आणि श्वास धरून एकेक चकती
बाळाचा कान पुसावा तशी.

हा बारावा
मच्छीमार सोसायटीचा. भंगारवाल्या परकारकडून
किलोवर घेतला, वजनात माती धरून.
आतली बॅटरी फुटून पाटीवर हिरवं शेवाळ चढलेलं.
रातांब्याचं बिनमिठाचं पाणी लावलं ब्रशने
(मीठ असतं तर संपलंच होतं),
तीन दिवस उन्हात, कावळ्यांवर नजर ठेवून.
चौथ्या रात्री वीज दिली.
ड्राइव्हने नारळ खवायला घेतला: खर्र, खर्र, थांब, खर्र,
आणि काळ्यावर हिरवी अक्षरं.

बोटींची नोंदवही.
बर्फ किती लाद्या, डिझेल किती लिटर, तांडेल कोण,
गेली कधी, परतली कधी.
नावाला दहाच घरं,
म्हणून रामेश्वरप्रसादातला फक्त 'प' आत आला,
बाकीचा प्रसाद बाहेर.
हजारभर ओळी. सगळ्या जातात, सगळ्या येतात,
दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, फार तर आठव्या.
एकच ओळ:
गेली, अकरा नोव्हेंबर शहाण्णव.
परतली, एक एप्रिल अठ्ठ्याण्णव.

मी म्हटलं बोट चुकली. म्हणजे बोट, हाताचं.

लीलावती कोयंडे अजून आहेत, तारामुंबरीला.
तेव्हाच्या ऑपरेटर. रिक्षाने आणलं.
चष्मा पुसून बसल्या, पण पडद्याकडे नंतर पाहिलं;
आधी हात कळपाटीवर ठेवले,
आणि हातांनी आपसूक चार कळा दाबल्या,
ज्या मला पुस्तकात शोधून सापडल्या नव्हत्या.
तीच ओळ आली.

"रिकामा ठेवलला ह्या मशीन घेय नाय.
मगे मी रोज सांजचा उद्याची तारीक घालय."

रोज?

"रोज. आयतवारी चावी माझ्याकडेच."

आणि एकतीस मार्चला सोसायटीने मशीन बंद केलं.
मी विचारणार होतो ते त्यांना कळलं.
"माजा कोण नाय हुता थंय.
सात जाण हुते, इतक्याच."
मग चहा घेतला. साखर जास्त झाली म्हणाल्या.

चकतीची नक्कल मी तीन ठिकाणी उतरवली,
एकही बिट न हलवता,
ओरखडे, बुरशीने खाल्लेला कोपरा, सगळ्यासकट.
चूक दुरुस्त करायची नाही हा आमच्या कामातला पहिला नियम.
पण ही चूक नाही,
आणि हिला काय म्हणायचं ते मला येत नाही.

घड्याळाची बॅटरी मात्र मेलेलीच आहे.
म्हणून हे यंत्र दर वेळी जागं होतं
ते एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीला.
तिथून मोजलं तर होडीला अजिबात उशीर झालेला नाही.
होडीच झालेली नाही.
जिचा कणा व्हायचाय तो ऐन
अजून रानात उभा आहे, वर माकडं,
आणि सातांतले दोघेतिघे
बिगरीत बसून पाटी चाटून पुसताहेत.

नवी बॅटरी आणून ठेवलीय. तीस रुपये.
खणात आहे, सुतळीच्या गुंड्याखाली.
लावायला पाच मिनिटं पुरतील.

भाऊ दारात उभा आहे, हातात पेंढा.
हापूस उतरवायला सुरुवात झाली,
खोली कधी देतोस?
उद्या, मी म्हणतो.