पिल्लू आहे का?

तळमजल्याचे भाडेकरू एप्रिलात बदली होऊन गेले.
टेम्पोत फ्रिज गेला, कुंड्या गेल्या,
तुळससुद्धा ओल्या फडक्यात गुंडाळून गेली.
मांजर राहिली, आणि दारातलं पायपुसणं.

तीन दिवस ती त्या पायपुसण्यावर बसून होती,
जणू आतून कडी काढायला
कुणाला जरा उशीर होतोय, एवढंच.
चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं.
सगळी बिल्डिंग बादल्या, घागरी घेऊन
तिला ओलांडून ओलांडून जिने चढली.
मीही.
पाचव्या दिवशी खाली उतरले.

वय सहा-सात. डावा कान टोकाशी फाटलेला.
पोटावर ऑपरेशनची जुनी शिवण,
म्हणजे कुणीतरी एकदा रिक्षा करून, पैसे भरून
हिची काळजी घेतली होती.
ते जास्त लागलं.

मला ठेवता आली नाही.
सासूबाईंचा दमा. खरंच कारण आहे,
तरी मी ते न विचारता सगळ्यांना सांगत सुटले.
खऱ्याला इतकं सांगावं लागत नाही.

मग फोन.
लष्करातली मावसबहीण म्हणाली, पिल्लू आहे का?
शाळेतले शिपाई म्हणाले, पिल्लू असेल तर बघू.
होटगी रोडच्या बंगल्यातून:
पांढरी आहे का, आणि पिल्लू आहे का?
मी म्हणायचे, मोठी आहे, शहाणी आहे, वाळूतच जाते.
पलीकडे कुकरची शिट्टी व्हायची.

विडी घरकुलातल्या यल्लूबाई रच्चा घेऊन गेल्या.
सुपात तेंदूपत्ता, मांडीवर तंबाखू,
मांजर रात्रभर शिंकली.
सकाळी स्वतःच परत आणून दिली,
सोबत वाटीभर शेंगाचटणी, मला.
"हजार विड्या सोडून हिचं नाक कुठं पुसू, बाई?"
यात त्यांचं काय चुकलं?
जाता जाता मात्र साखर पेठेतला एक पत्ता देऊन गेल्या.

रविवार. चव्वेचाळीस डिग्री.
टॉवेलच्या खोक्याला भोकं पाडून तिला नेलं,
वर घडी करून ते पायपुसणं.
व्यंकट दुडम, अडतीस वर्षं पॉवरलूमवर.
कान तिथंच ठेवून आले, सून म्हणाली.
मी ओरडले, मोठी आहे! पिल्लू नाही!
त्यांनी खोक्यात वाकून पाहिलं. "पिल्ली," म्हणाले.
नाही काका, पिल्लू नाही...
"पिल्ली, पिल्ली."
मी आणखी मोठ्यानं. गल्लीतली दोन दारं उघडली.
सून हसायला लागली: अहो ताई,
तेलुगूत मांजरीला पिल्लीच म्हणतात,
कितीही म्हातारी होऊ दे.

ती खोक्यातून सुटली ती थेट बाजेखाली.
त्यांनी ओढली नाही, दूधही सरकवलं नाही.
शहाबादी फरशीवर बसले, तळहात जमिनीला टेकवून,
तुटलेला धागा सापडेपर्यंत माणूस थांबतो तसे.
माझा चहा संपला. दुसराही संपला.
बाहेर कुल्फीवाला येऊन गेला.
मग फाटका कान आधी आला, मग बाकीची,
आणि त्यांच्या मांडीला पाठ लावून पडली.

त्यांनी पाठीवर हात ठेवला
आणि चेहरा एकदम वर केला,
अकरा वर्षांपूर्वी भंगारात गेलेलं काहीतरी
कुणी परत आणून जोडल्यासारखा.
"चालू हाय," सुनेला म्हणाले,
बहिऱ्या माणसाच्या त्या फार मोठ्या आवाजात,
"अगं, चालू हाय!"
मांजर दचकली नाही.

निघताना पायपुसणं दाराबाहेर टाकत होते मी.
दुडमकाकांनी उचललं, झटकलं,
आणि उंबऱ्याच्या आत अंथरलं.

रिक्षात रिकामा खोका मांडीवर होता.
अशोक चौकापर्यंत मी तो
दोन्ही हातांनी धरून बसले होते.