पेक्षा

तुर्भे स्टोअर, पालिकेची शाळा, पाचवी ब.
पाठीला पाठ लावून उभी केली पोरं,
एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं,
मग उलट.
डोक्यावर पट्टी आडवी धरून संबोधी ओरडते,
"आय ॲम टॉलर दॅन ओवेस!"
ओवेस टाचा उचलतो.
"नो टीचर, हर हेअर इज टॉलर."
तिच्या लाल रिबिनीकडे बघता
त्याचं काही चुकलेलं नाही.

आपल्याकडे बरं असतं, मी फळ्याशी जाऊन सांगते,
उंच तो उंचच राहतो.
मधे एक पेक्षा येऊन उभा राहतो बिचारा,
सगळं ओझं तोच उचलतो,
मार्केटातल्या माथाड्यासारखा.
इंग्रजीत शब्दालाच शेपूट फुटतं.
"मग गुडचं गुडर," मागून कोणीतरी.
नाही रे, बेटर.
"आणि गुड कुठे गेलं?"

अकरा वर्षं शिकवतेय.
याचं उत्तर माझ्याकडे नाही.

वर्ग भरात येतो.
माय टिफिन इज हॉटर.
माय मदर इज अँग्रियर दॅन युवर मदर,
यावरून दोन जोड्यांत मारामारी होता होता राहते.
"माय रूम इज स्मॉलर" म्हणतानाही
जिंकल्यासारखा हात वर.
कुठल्या वाक्यात हरायचं असतं
हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

पोरं एकोणतीस, म्हणजे एक उरतोच.
साईराज धोत्रे.
त्याच्यासमोर मीच बसते, जोडीदार म्हणून.
तो खिडकीबाहेर बघत राहतो.
मग एकेक शब्द, जपून खाली ठेवल्यासारखा,
"हिल... इज... शॉर्टर... दॅन हिल."

दोन गोष्टी लागतात, साईराज.
कुठली टेकडी, कुठल्या टेकडीपेक्षा?

"तीच," तो म्हणतो.
"ही आत्ताची. आणि मी पहिलीत होतो तेव्हाची.
पप्पा होते ना फोडायला.
आता खाण बंद, मार्केटला जातात."

खिडकीत कापलेला पिवळा कडा.
बाकावर धूळ,
खडूची की दगडाची, सांगता येत नाही.
पुस्तकातल्या पानावर दोन जिराफ आहेत,
एक मोठा, एक लहान, दोघेही हसरे.
त्याच्या वहीत वाक्याशेजारी मी पेन टेकवते,
बरोबरची खूण करावी की

घंटा होते.
दप्तर पाठीला लावून तो माझ्या शेजारी उभा राहतो,
हातानं माझ्या खांद्यापर्यंतचं अंतर मोजतो.
"टीचर, यू आर टॉलर दॅन मी."
दारापर्यंत जातो, वळतो.
"नाऊ."