सतरा किलो

वेचणी किलोवर असते.
म्हणून शेत कुणाचं ते आम्ही विचारत नाही,
फुटलंय किती, तेवढं लांबूनच बघतो
आणि ओटी बांधतो.
मालेगावाहून सहाच्या टेम्पोत अकरा जणी.

मोसमकाठची सगळी रानं माझ्या बोटांना पाठ.
पोपट अण्णांच्या रानात सकाळी शिरलं
की दुपारपर्यंत नखांच्या कडा पिवळ्या,
डोळ्यांत मिरची फुंकल्यागत आग.
कधी फवारलंय, विचारलं
तर म्हणायचे, परवा.
हंगामभर तो परवाच चालायचा.

घरी आलं की आधी न्हाणी.
साबण दोनदा, तरी वास केसांत.
आत पाळण्यात थोरली रडायची,
पान्हा फुटून पोलकं भिजायचं,
आणि मी अंगावर पाणी ओतत उभी.

मग निंबा अहिऱ्यांनी वेगळंच आरंभलं.
पाकिटातलं बी सोडलं, सरळ वाण आणला,
सरकी शेणात घोळून सावलीला वाळवली,
दहा झाडांचा पाला पिंपात कुजवला.
बांधावरून जाणारे नाक धरत.
वास होताच,
पण त्यानं डोकं दुखत नव्हतं.

पहिल्या वर्षी तिथं वेचायला गेले
आणि मनातून शिव्या घातल्या.
बोंडं लिंबाएवढी, झाडं कमरेखाली,
दिवसभर वाकून सतरा किलो.
त्याच दिवशी ठगूनं अण्णांकडे अडतीस केले.
मापाच्या वेळी निंबादादा
काट्याकडे न बघता
आभाळाकडे बघत होते, आभाळात काही नसताना.
वहिनी म्हणाल्या, किलो राहू दे, रोज धरू,
आणि कनवटीचे पैसे माझ्या हातावर ठेवले.

दुसऱ्या वर्षी ओळींमधून चवळी,
कडेनं मका, मध्ये झेंडू, एखादी एरंडी.
मी म्हटलं, कापूस लावलाय का बाजार मांडलाय?
वहिनी म्हणाल्या, पाहुणे येतात,
त्यांना काहीतरी वाढायला नको?
पाहुणे म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके,
मसुराच्या डाळीएवढे.
पानाखालचा मावा एकेक उचलून खात होते,
घाई नाही, मुकादम नाही.
मी उकिडवी बसून बघत राहिले.
अर्धा किलो तरी बुडाला असेल.

तिसऱ्या वर्षी पावसानं पंचवीस दिवस दडी मारली.
अण्णांचं रान दुपारी माना टाकायचं,
निंबादादांचं उभं.
खुरपं घातलं तर वीतभर खाली ओल,
आणि ओलीत गांडूळ,
झोपमोड झाल्यासारखं आक्रसलं.
औषधाच्या दुकानापुढून निंबादादांची गाडी
आता न थांबता जाते.
दुकानदार हात करतो, हेही करतात.

परवा नाशिकहून तपासणीच्या मॅडम आल्या.
वही चाळली, पिंपात डोकावल्या,
माती पिशवीत भरून तिला चिठ्ठी लावली.
मग मला म्हणाल्या, मावशी,
तुम्ही दोन्हीकडे वेचता, फरक काय?
मी म्हटलं, अण्णांकडे अजून
चार-पाच किलो जास्ती पडतो.
वहिनींनी पदर तोंडाला लावला.
मॅडमनी लिहून घेतलं
आणि पेनाला टोपण लावलं.

पुढचं सांगायचं राहिलं.
की इथं दुपारी हात पदराला पुसते
आणि भाकरी मोडते.
की थोरली चवळीच्या शेंगा तोडून
तशाच चावत हिंडते.
की धाकटा पोटाशी आला तेव्हापासून
अण्णांच्या टेम्पोत मी बसलेच नाही,
ठगू सांगते म्हणून तिथले किलो ठाऊक.
आणि धाकट्याला मी बोरीखाली घेते,
न्हाणीपर्यंत थांबत नाही.

काल पिता पिता त्यानं
ओटीतलं बोंड मुठीत धरलं
आणि तोंडात घातलं.
मी झटक्यात ओढून काढलं, जुन्या सवयीनं,
काळीज धडधडलं.
मग आठवलं, कुणाच्या रानात बसलेय.
तरी परत दिलं नाही.
घशात अडकेल मेल्याच्या.