बुधवारी, जी सेव्हनवर

हॉस्पिटलमागच्या चॅपलात पियानो आहे.
वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या फुगल्यात,
दाबल्या की खालीच बसतात.
उजागरे सर त्या नखानं वर काढतात
आणि बोलणं चालू ठेवतात.

"मुनाफ, तुमच्या दुकानात भोपळे टांगता ना,
एक खुंटी सोडून एक?
रे, म, ध, सा. ही झाली डी मायनर सेव्हन.
आता रिकाम्या खुंट्या भर."
भरल्या. ग, प, नी.
रिषभापासून वर चढलो
आणि तोंडून निघालं, "हा तर काफी!"

सर हसले. चाळीस वर्षं पॅथॉलॉजीत
काचपट्ट्या बघितलेला माणूस,
हसतानाही एक डोळा बारीक.
"मग पंचमापासून बघ."
खमाज.
"षड्जापासून?"
बिलावल. पट्ट्या त्याच, पांढऱ्या,
एकही काळी नाही,
आणि चार ओळींच्या आत तीन घरं.

घरी अब्बांना सांगितलं.
ते जवारीत दोरा सरकवत होते.
धारवाडचा तंबोरा, शनिवारी न्यायला येणार.
"घडीघडी सा बदलतो?" म्हणाले,
"मग ती माणसं झोपतात कुठं?"

मला खरा त्रास जी सेव्हनचा.
तिथं षड्जावर थांबायचं नाही.
कॉर्डमधल्या निषादाला तो घासतो.
जाता जाता पाय टेकव, सर म्हणतात,
बैठक मारू नकोस.
ज्या सुरात मला पाळण्यात घातलं,
ज्याच्यासाठी चार पिढ्या लाकूड तासतायत,
त्याला म्हणे बसायला जागा नाही.

काल परत तेच.
डावा हात जी सेव्हनवर,
उजवं बोट सवयीनं षड्जावर, आणि बसलं.
भाकरीत खडा लागावा तसं झालं.
उचलणार, तेवढ्यात सर म्हणाले, "राहू दे."
माझा डावा हात त्यांनीच बाजूला केला
आणि खाली सी मेजर दाबली.

सा तिथंच होता.
मी बोट हलवलं नव्हतं.
खालून जमीन आली.

जंक्शनवर कुठल्याशा गाडीनं भोंगा दिला.
एरवी मी लगेच सूर सांगतो.
काल म्हटलं, थांबा,
आधी खाली काय वाजतंय ते कळू दे.