दुरुस्ती

विजयदुर्गच्या स्टँडामागं माझं दुकान.
इथं फोन मरून येतात ते बहुतेक मिठानं.
कुणाच्या चार्जिंगच्या भोकात कोळंबीची मिशी,
कुणाच्या स्पीकरात वाळू,
एकदा तर काचेखाली आख्खं खवलं,
तांबोशाचं असावं.

अनसूया कोयंडे आली ती ओल्या लुगड्यानिशी,
गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल वाळत आलेला.
कमरेची गाठ सोडली: पिशवीत पिशवी,
तिच्यात आणखी एक, आणि मग फोन.
"आवाज येणा नाय.
बाकी काय गेला तरी चलात. आवाज व्हयो."

मी पाठ उघडली, मीठ झाडलं,
स्पिरिटचा बोळा फिरवला, मेमरी बघितली.
काठोकाठ. ना फोटो, ना सिनेमा,
दोनशे अकरा नुसते आवाज.
म्हटलं, काकी, पुसून टाकू? हलका होईल.
तिनं माझं मनगट धरलं, चिखलाच्या हातानं.
"शाळा आसा ती माजी."

शाळा अशी:
वरच्या वाडीतली शलाका कुडाळात नर्सिंग शिकते,
रोज रात्री एक अक्षर बोलून पाठवते.
खाली रेंज नाही.
तिन्हीसांजेला सात जणी सड्यावर चढतात,
करवंदीच्या जाळीपाशी जिथं दोन काड्या मिळतात तिथं
अक्षर फोनात उतरवून घेतात
आणि सकाळच्या ओहोटीला खाडीत नेतात.
पाय चिखलात तिसऱ्या चाचपत असतात,
फोन एकीच्या डोक्यावरच्या टोपलीत बोलत असतो:
ब बांगड्याचा. त तारलीचा. ढ ढोम्याचा.
ख ला शलाका खेकडा म्हणाली
तर सातही जणींनी हरकत घेतली. ती कुर्ली.
ज्ञ साठी अजून समुद्र धुंडाळतायत.
काढायचं बोटानं, चिखलावर.
पुसायला भरती आहेच.

स्पीकर तपासायला मी एक आवाज लावला.
तिचाच होता, अडखळत:
"ब... र्फ. बर्फ. हमाली.
आनी परत... बर्फ."
दलालाची चिठ्ठी.
एका दिवसाला बर्फ दोनदा लावलेला,
तीन वर्षं लावत होता म्हणे.
चिठ्ठी कुणी बघत नव्हतं असं नाही,
बघत सगळ्याच होत्या.

पुढचा आवाज भाच्याचा, दिगंबरचा.
खलाशी आहे, जहाज लोमेला लागलं होतं,
पार आफ्रिकेच्या पश्चिम अंगाला.
मागं वारा, भोंगे, बायकांचा कलकलाट.
"मावशे, हयल्यो बायो तुझ्यासारख्योच गो.
फोन प्लास्टिकात बांधून कमरेक खोचतत,
होडी लागच्या आधी दोन बंदरांचो भाव इचारतत.
माशाक काय म्हणतत ता माका कळला नाय,
घासाघीस मात्र सगळी कळली."
तिनं तो परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा.
मग मलाच विचारलं, मी जणू जाऊन आलेला,
"तेंच्यात ज्ञ आसात काय रे?"

मी सांगू शकलो नाही.
ऐंशी रुपये झाले म्हटलं.
तिनं सुटे मोजले, फोन पिशवीत, पिशवी पिशवीत,
आणि पायरी उतरता उतरता
मान वर करून उभी राहिली.
"मो... बा... ईल. दु... रू..."
थांबली. परत पहिल्यापासून.
"ह्या रू ची शेपटी लांब झाली मा?
ऱ्हस्व होयो. हो रू नाय, ही वाम."

अकरा वर्षं लटकतेय ती पाटी.
तलाठ्याचा फोन तिच्याखाली दुरुस्त झाला,
दोन मास्तरांचे, एका वकिलाचा.

पेंटर अक्षरामागं पैसे घेतो.
नुसती शेपटी खरवडायचे किती,
अजून विचारलं नाही.